हळदी रंगाच्या गाडीची खोली

कोलकात्यात गाडीसाठी जागा करायची म्हटली की पहिला प्रश्न गाडीचा नसतो, पाण्याचा असतो. पावसाळ्यात गल्लीतलं पाणी कुठपर्यंत चढतं, हे घरमालक कधी खरं सांगत नाही. “आमच्याकडे तेवढं नाही हो,” असं प्रत्येक जण म्हणतो. खरं काय ते भिंतीवरचा डाग सांगतो. त्यामुळे जागा पाहायला गेले की मी आधी भिंतीशी उकिडवी बसते. एका घरी मालकीणबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी लिंबू सरबत आणलं. ते पिऊन मी डाग मोजला.

लग्नाआधी मी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. नवऱ्याची बँकेतून इथे बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. कोलकात्यात मराठी बातम्या दुरुस्त करून घेण्याची कोणालाच गरज नव्हती. घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये पत्रव्यवहार सांभाळायला म्हणून लागले, एकदा साइटवर निरोप द्यायला गेले, आणि साइटवरच राहिले. डेस्कची एक सवय तिथे उपयोगी पडली. कोण काय म्हणतं ते नंतर, आधी काय दिसतं ते टिपायचं. पुढे गॅरेजचं काम आलं की फर्ममध्ये माझंच नाव पुढे होऊ लागलं.

हे काम बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतं. चार भिंती आणि एक शटर, त्यात काय? तर इथल्या जुन्या घरांची गॅरेजं अँबॅसडरसाठी बांधलेली आहेत. ती गाडी उंच, जाड कातडीची, कुठेही चढणारी, कशालाही घासून घेणारी. स्पोर्ट्‌स कारचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं. दारं लांबलचक असतात आणि ती पुरती उघडली नाहीत तर मालक आत अडकतो. तिला ओल सोसत नाही, आणि उंदरांना तिच्या वायरी फार आवडतात. आता पेच असा. पाणी आत येऊ नये म्हणून गॅरेजची जमीन उंच हवी. जमीन उंच केली की रॅम्प उभा होतो. रॅम्प उभा झाला की पोट घासतं. जे पाण्याला अडवतं तेच गाडीलाही अडवतं. या एका पेचावर माझं पोट चाललं.

बालीगंजच्या एका डॉक्टरांनी हा पेच न मानता मिस्त्रीकडून परस्पर रॅम्प करून घेतला होता. मला बोलावलं तेव्हा त्यांची निळी गाडी उंबऱ्यावर पोट टेकून सी-सॉसारखी डुलत होती. पुढची चाकं आत, मागची अधांतरी, आणि डॉक्टर आत बसलेले, कारण ते उतरले तर तोल जाईल अशी त्यांना भीती होती. शेवटी दवाखान्यातल्या रुग्णांनी गाडी उचलली. त्यातल्या एकाला डॉक्टरांनी सकाळीच वजन उचलायला मनाई केली होती.

दुसरे एक गृहस्थ कापडाचे व्यापारी. त्यांनी गाडीसाठी गॅरेजमध्ये एसी बसवून घेतला. घरात मात्र पंखे. मे महिन्यात मी काम पाहायला गेले तर गॅरेजमध्ये गाद्या अंथरलेल्या, सगळं कुटुंब शांत झोपलेलं, आणि गाडी बाहेर उन्हात. मी शटर हळूच खाली ओढून परत आले.

या दोन्ही कामांबद्दल मी कौतुकाने सांगते, पण कोणी सगळ्यात चांगलं काम कोणतं असं विचारलं तर मी शर्वरीच्या गॅरेजचं नाव घेते. त्या गॅरेजमध्ये सगळं बरोबर होतं. फक्त गाडी नव्हती.

शर्वरी आयटी कंपनीत आहे, एकटी राहते. दक्षिण कोलकात्यात लेक मार्केटच्या मागे एका जुन्या दुमजली घराचा तळमजला तिने गॅरेजसकट विकत घेतला होता. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. पावसाळा तोंडावर आला असताना तिचा फोन आला.

“काकू, माझ्या वडिलांना इथे आणायचंय. त्यासाठी गॅरेज करायचंय.”

“वडिलांना गॅरेजमध्ये ठेवणार आहेस?”

“त्यांना घरात. पण गाडीची खोली आधी, मग माझी, असं म्हणतात ते.”

वडील, म्हणजे अप्पा, नाशिकला एकटे राहत होते. एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. देवळालीतल्या एका म्हाताऱ्या फौजी अधिकाऱ्याकडून त्यांनी जुनी परदेशी दोन माणसांची गाडी घेतली होती, तीही खोक्यांत भरलेली, सुटी. ती जोडण्यात त्यांची निवृत्तीची कितीतरी वर्षं आनंदात गेली. छप्पर कॅनव्हासचं, रंग हळदीसारखा पिवळाधमक. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत तिथेच पडून राहिले. तेव्हापासून शर्वरी त्यांना बोलवत होती. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. कोलकात्यात ओल आहे, पाणी तुंबतं, गाडी कुजेल. गाडीची सोय मनासारखी झाली तर येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडीसकट परत.

म्हणजे एका मुलीचे वडील तिच्याकडे राहणार की नाशिकला एकटे राहणार, हे एका शटरच्या आतल्या हवेवर ठरणार होतं. अशी जबाबदारी बातमीच्या मथळ्याचीही नसते.

अप्पांच्या सूचना मोबाइलवर आवाजी निरोपांतून यायच्या. सुरुवात नेहमी सारखी. “ताई, नमस्कार. नाशिकहून बोलतोय. गाडीबद्दल.” जणू दुसऱ्या कशाबद्दल बोलले असते. मग सूचना. भिंतीला तेलाचा रंग नको, भिंत घुसमटते. दिवे पिवळे नकोत, पांढरे हवेत, नाहीतर गाडीचा रंग खरा दिसत नाही. उंदरांसाठी विष नको, जाळी लावा. शेवटी, “बाकी तुम्ही जाणत्या आहात,” असं म्हणून आणखी चार सूचना.

आमचे नसीर मिस्त्री मुर्शिदाबादचे. त्यांनी हे निरोप ऐकून विचारलं, “बौदी, जावई येतोय का?” बौदी म्हणजे वहिनी. त्या दिवसापासून सगळी गवंडी मंडळी गाडीला जावई म्हणू लागली. जावयाचा उंबरा, जावयाची मोरी, जावयाला ऊन लागेल का.

गॅरेज उघडलं तेव्हा आत अडगळ होती. बांबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीला टेकवलेला एक मोठा लाकडी सांगाडा. हे सामान पाड्यातल्या म्हणजे मोहल्ल्यातल्या क्लबचा. सांगाडा दुर्गेच्या मूर्तीचा होता. विसर्जनानंतर तो नदीतून परत आणतात, वर्षभर जपून ठेवतात, आणि पुढची मूर्ती पुन्हा त्यावरच उभी करतात. आधीच्या मालकांनी त्याला इथे जागा दिली होती.

क्लबचे सेक्रेटरी बाबलूदा साठीचे गृहस्थ. दुपारची झोप मोडल्यासारखा त्यांचा चेहरा कायम असायचा. बंगाली-हिंदीत ते जे म्हणाले ते मराठीत असं. “जागा तुमची. आम्ही सामान हलवतो. खुर्च्या कुठेही जातील. पण मा दुर्गेचा सांगाडा कुठे जाईल?”

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. मी टेप लावली. मागची भिंत उंच होती, गाडी बुटकी. गाडी जमिनीवर आणि सांगाडा तिच्या मागे, वर, लोखंडी आधारांवर, असं सहज बसत होतं.

“अप्पांना सांगू नका,” शर्वरी म्हणाली.

“त्यांना दिसेलच.”

“दिसेल तेव्हा ते इथे असतील ना, काकू!”

सांगाडा रथयात्रेच्या सुमारास मूर्तिकाराकडे गेला आणि आमचं काम सुरू झालं. पेच मी असा सोडवला. जमीन फार उंच केली नाही. रॅम्प फाटकापासूनच लांब, सावकाश चढत नेला. पाणी येईल त्या दिवसापुरती शटरबाहेर खाचेत बसणारी एक जाड फळी केली आणि तिच्या कडेला रबराची पट्टी लावली. ती पट्टी गार्डन रीचला जहाजांची कामं करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमधून आणली. जहाजाच्या दाराला लावतात तीच. हवेतली ओल शोषणारं यंत्र बसवलं. एस्प्लनेडच्या बाजारातून पांढरे दिवे आणले. जमिनीला करडा गुळगुळीत लेप दिला. तो वाळल्यावर नसीर मिस्त्री चपला काढून आत गेले, उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्या मुलीच्या सासरी एवढं नाही.”

एका मुसळधार दुपारी गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. फळीच्या आत थेंब आला नाही. मी आणि शर्वरी आत उभ्या राहून हसत सुटलो. फोनवरून अप्पांना ते दाखवलं. त्यांनी फळीच्या कडा जवळून दाखवायला लावल्या. मग म्हणाले, “बरं. दसऱ्याला येतो.”

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण मला वाटलं, गाडी आधी येईल आणि दसऱ्याला तिची पूजा होईल. या शहरात सगळी कामं पूजेआधी पुरी होतात. इतकी वर्षं राहून माझं डोकंही तसंच चालायला लागलं होतं. अप्पांच्या आणि शर्वरीच्या डोक्यात मात्र नाशिकचा दसरा होता. नव्या घरात गाडीचं पाऊल पडायचं ते दसऱ्यालाच. आम्ही दोघी एकाच दिवसाबद्दल अस्सल मराठीत बोलत होतो आणि दोघींच्या डोळ्यांपुढे दोन वेगळी गावं होती.

उलगडा झाला तो बांबूंमुळे. एका सकाळी शर्वरीचा फोन आला. “काकू, माझ्या फाटकासमोर कोणीतरी बांबू टाकतंय.”

“पूजेचा मांडव असेल.”

“माझ्या फाटकासमोर?”

“दरवर्षी तिथेच असेल. तू पाहिलाच असशील.”

“मी दरवर्षी पूजेच्या सुट्टीत नाशिकला असते.”

इथे बदलीने, नोकरीने आलेली आमची निम्मी मराठी मंडळी हेच करतात. शहर जेव्हा खरं शहर होतं तेव्हा आपण गाडीत बसून गावी निघतो. तिने तिची गल्ली पूजेत कधी बघितलीच नव्हती. बाबलूदांनी तिला सांगितलं नव्हतं, कारण मांडव कुठे असतो हे सांगण्याची गोष्ट असते असं या शहरात कोणाला वाटत नाही.

मी गेले. मांडवाची पाठ फाटकाला लागून येणार होती. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट मध्ये राहणार होती.

“बाबलूदा, दशमीला गाडी आत घ्यायची आहे.”

“दशमीला? बौदी, पूजेत या गल्लीत सायकलसुद्धा येत नाही.”

“मांडव उतरणार कधी?”

“लक्ष्मीपूजा झाल्यावर.” म्हणजे कोजागरी.

शर्वरीने माझ्यासमोर नाशिकला फोन लावला. “अप्पा, कोजागरीनंतर आलात तर?”

“का? दसरा म्हणजे दसरा. अडचण आहे का काही? असेल तर आत्ताच सांग शरू, मी आपला इथे बरा आहे.”

शेवटचं वाक्य त्यांनी जरा आशेने म्हटल्यासारखं वाटलं.

“छे! कसली अडचण?” शर्वरी म्हणाली, फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

आमची योजना साधी होती. गाडी बंद लॉरीतून येणार होती. ती शहराबाहेर लॉरीवाल्याच्या गोदामात उतरवायची, अप्पांना ट्रेनने येऊ द्यायचं, आणि घरात आल्यावर, पोटभर जेवल्यावर सांगायचं. योजना जेवणापर्यंतही टिकली नाही. नवमीला अप्पा हावड्याला उतरले. उंच, ताठ, हातात काठी, पण ती टेकायची नाही, नुसती धरायची. मांडवामागच्या फटीतून आडवे होत आत आले, तडक गॅरेजमध्ये गेले. दिवे लावले. भिंतीवर हात फिरवला. जमिनीवर बोट ओढून बोट पाहिलं. यंत्राचा आवाज कान लावून ऐकला. मी परीक्षेला बसल्यासारखी दारात उभी.

“गाडी आल्यावर बोलू,” ते म्हणाले. मग वळून फाटकाकडे, म्हणजे मांडवाच्या पाठीकडे पाहिलं. “येणार कुठून?”

शर्वरीने माझ्याकडे पाहिलं. मी नसीर मिस्त्रींकडे पाहिलं असतं, पण ते गावी गेले होते.

सगळं ऐकून अप्पा चिडले नाहीत. ते जास्त वाईट होतं. “गोदामात माझी गाडी राहणार नाही. उद्या दसरा. मी ती इथे घेऊन येतो. कुठे लावायची ते तुम्ही बघा. रात्रीपर्यंत डोक्यावर पक्कं छप्पर मिळालं नाही, तर त्याच लॉरीने मी आणि ती परत.”

दशमीच्या दुपारी गोदामात नारळ फुटला, गाडीला झेंडूची माळ पडली, आणि रस्ता दाखवायला मी अप्पांच्या शेजारी बसले. शर्वरी घरीच राहिली, जागा शोधायला.

त्या प्रवासाचं वार्तांकन मला आजही नीट जमत नाही. छप्पर उघडं. बूड रस्त्यापासून वीतभर वर. बसच्या चाकांच्या उंचीवरून शहर बघायचं. चौकाचौकांत ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल, वाजत होते, लॉऱ्यांवर मूर्ती निघायच्या तयारीत होत्या. आणि या शहरात पिवळी गाडी म्हणजे एकच गोष्ट. पहिल्याच सिग्नलला मिठाईचा बॉक्स घेतलेल्या एका गृहस्थांनी हात केला. “टॅक्सी! गरियाहाट जाबेन?”

“काय म्हणतो?” अप्पांनी विचारलं.

“गरियाहाटला येता का, विचारतोय.”

“म्हणजे?”

“टॅक्सी समजला.”

अप्पांची मान ताठ झाली. “टॅक्सी? हिला?” पुढच्या चौकात एका बाईंनी दोन मुलांसकट दार उघडायचा प्रयत्न केला. तिसऱ्या चौकात वाहतूक पोलिसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, मीटर कुठे आहे?

“हा काय म्हणतो?”

“छान गाडी आहे म्हणतोय.”

“खोटं बोलताय तुम्ही, ताई.”

मी हसायला लागले. थांबवता येईना. अप्पांनी रागाने गिअर टाकला, आणि मग त्यांच्याही मिशा हलल्या. आम्ही दोघं म्हातारे हळदीच्या डब्यात बसून हसत लेक मार्केटपर्यंत आलो.

गल्लीच्या तोंडाशी लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांतल्या बायका एकमेकींना शेंदूर लावत होत्या. माळ घातलेली गाडी पाहून त्यांच्यातल्या एका आजींनी पुढे होऊन बॉनेटवर दोन बोटं शेंदूर फासला. अप्पांनी खिशातून फडकं काढलं. तेवढ्यात आजींनी त्यांच्या तोंडात संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, कोंबली. फडकं खिशात परत गेलं.

मग मूर्ती उठली. ढाक, धूप, “आशछे बोछोर आबार होबे,” पुढच्या वर्षी पुन्हा, असा घोष. मिरवणूक वळली आणि गल्ली एकदम रिकामी झाली. मांडवात चौथऱ्यावर एक पणती तेवढी जळत होती. देवी गेल्यावर ती लावून ठेवतात. आभाळ भरून आलं होतं.

शर्वरीला जागा मिळाली नव्हती. तीन ठिकाणी विचारलं होतं, तिन्ही ठिकाणी सुट्टी. अप्पा गाडीतून उतरेनात. कॅनव्हासचं छप्पर ओढून घेतलं, पण त्याच्या एका शिवणीतून पाणी येतं हे त्यांनीच मला वाटेत सांगितलं होतं.

“ताई, लॉरीवाल्याला फोन लावा.”

मी फोन काढला नाही. शर्वरी गाडीच्या दाराशी वाकली. तिचा आवाज चढला नाही.

“अप्पा, तुम्ही पडलात त्या दिवशी मी इथे मीटिंगमध्ये होते. जेवले, चहा प्यायले. मला काही माहीत नव्हतं. गाडी भिजली तर मी पुसेन. तुम्ही परत गेलात तर मी रोज काय करू?”

अप्पांनी फडक्याने स्टिअरिंग पुसायला घेतलं.

बाबलूदा गुडघ्यांमुळे विसर्जनाच्या लॉरीवर चढले नव्हते. ते मांडवाच्या खांबाला टेकून हे सगळं पाहत होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळला नसेल, पण ढगांकडे, गाडीकडे आणि शर्वरीकडे पाहून बाकीचं कळलं असावं. ते चालत आले.

“बौदी, जागा नाही?”

“नाही.”

त्यांनी वळून मांडवाकडे पाहिलं. वर ताडपत्रीचे दुहेरी थर, आत उंच कापडी छत, झुंबर, खाली रस्त्यावरच अंथरलेला लाल गालिचा.

“मा गेली,” ते म्हणाले. “लक्ष्मी यायला वेळ आहे. आमचं लाकूड तुमच्या घरात राहतं. तुमचं लोखंड आमच्या घरात राहू दे.”

मी ते अप्पांना मराठीत सांगितलं. “लाकूड कसलं?” त्यांनी विचारलं. शर्वरी गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधू लागली. मीच सांगितलं, भिंतीवरच्या आधारांसकट. अप्पांनी मान वळवून गॅरेजच्या दिशेने पाहिलं.

“म्हणजे ते लोखंडी कोन त्याचे. मला वाटलं, टायर टांगायला केलेत.” मग त्यांनी गाडी सुरू केली.

पुजाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की गाडी चौथऱ्यावर चढवू नका आणि पणतीसमोर आणू नका. गाडी गालिच्यावर जराशी तिरकी लागली. पाठोपाठ पाऊस आला. मांडवात एक थेंब गळला नाही. अप्पांनी पिशवीतून नाशिकहून आणलेली आपट्याची पानं काढली, बाबलूदांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “सोनं घ्या.” बाबलूदांनी पान उलटसुलट पाहिलं, कपाळाला लावलं, आणि इथल्या दशमीच्या रीतीने अप्पांना कडकडून मिठी मारली. अप्पांना मिठीची सवय नव्हती. त्यांची काठी पडली. ती कोणी बराच वेळ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी नदीतून सांगाडा परत आला. चिखलाने माखलेला, निथळणारा. पोरांनी तो खांद्यावर घेऊन फटीतून आडवा काढला आणि गॅरेजमध्ये आधारांवर चढवला. मी यंत्र चालू केलं. गाडीसाठी म्हणून केलेल्या त्या कोरड्या, पांढऱ्या उजेडाच्या खोलीत देवीचा सांगाडा ऐटीत सुकत होता, आणि गाडी देवीच्या मांडवात झुंबराखाली उभी होती. दोघांनी घरं बदलली होती.

मग लोक यायला लागले. आधी पाड्यातले, मग शेजारच्या पाड्यातले. सेल्फी, रांग, रांगेला दोरी. एका बाईंनी चपला बाहेर काढल्या. अप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मराठीत माहिती देत. समोरचा बंगालीत विचारी. कार्ब्युरेटर या शब्दाशी दोन्ही भाषा भेटत आणि पुन्हा आपापल्या वाटेने जात. कोजागरीला लक्ष्मीची मूर्ती आली. बाबलूदा म्हणाले, लक्ष्मी लहान आहे, दोघी मावतील. गाडी कोपऱ्यात सरकली. त्या संध्याकाळी शर्वरीने सगळ्या पाड्याला मसाला दूध दिलं.

मांडव उतरल्यावर एकदाची गाडी माझ्या रॅम्पवरून, पोट न घासता, आत गेली. सांगाड्याखाली नेमकी बसली. दारं पुरती उघडली. मी निकालाची वाट पाहत होते.

अप्पा गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. “काम उत्तम आहे, ताई. एक चूक नाही.”

“मग?”

“इथून कोणी दिसत नाही.”

धूळ, ओल, पाणी, उंदीर, सगळ्यांचा मी विचार केला होता. बघणाऱ्यांचा केला नव्हता. नाशिकला त्यांची गाडी बंद दाराआडच उभी असे. त्यांना जाळीचं शटर हवं होतं. जाळीतून ओल येईल, धूळ येईल, ते यंत्र शोभेचं होईल, हे मी त्यांना धंद्याच्या भाषेत नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पुसता येईल,” ते म्हणाले. शर्वरीने मान खाली घातली. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही.

मी जाळीचं शटर बसवलं. माझं सगळ्यात चांगलं काम मी स्वतःच्या हाताने बिघडवलं.

परवा फळीचं रबर बदलायला गेले होते. शटरपाशी अप्पा आणि बाबलूदा दोन खुर्च्यांवर बसले होते. वर सांगाडा, खाली गाडी. बाजाराची जड पिशवी घेतलेल्या एक बाई फाटकाशी थांबल्या, पिवळा रंग पाहिला आणि सवयीने विचारलं, “टॅक्सी, जाबेन?”

मी हातातलं रबर खाली ठेवलं.

अप्पा उठले. काठी खुर्चीला टेकवून ठेवली, गाडीचं लांबलचक दार उघडलं, आणि शिकलेलं बंगाली चोख उच्चारत म्हणाले, “जाबो.”